मारवाडी घोडीसाठी वेस्टर्न सॅडल घ्यायचे आहे : सांगाडा, तंग आणि लगाम कसे निवडावेत?

पायथ्याचा_स्वार यांचा प्रश्न

नमस्कार. पन्हाळ्याच्या पायथ्याशी आमची शेती आहे आणि सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली एक मारवाडी घोडी गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. तिची उंची ५८ इंच असून वय सहा वर्षांचे आहे. स्वभावाने ती शांत आहे, मात्र तोंडाने जरा कडक वाटते. सध्या मी तिच्याबरोबर आलेले कापूस भरलेले साधे खोगीर वापरतो. जवळच्या फेरीसाठी ते चालून जाते, परंतु जोतिबाच्या डोंगराकडे किंवा मसाई पठाराकडे दोन-तीन तासांसाठी गेलो की माझे गुडघे धरतात आणि घोडीही पाठीला हात लावू देत नाही. वेस्टर्न सॅडलवर दिवसभर बसता येते, त्याची बैठक खोल असते आणि वजन मोठ्या भागावर पसरते असे वाचले, म्हणून ते घ्यावे असे मनात आहे.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला पर्याय म्हणजे ओळखीतल्या एका गृहस्थांकडे असलेले परदेशातून आणलेले जुने रोपिंग सॅडल, म्हणजे दोरीने वासरे धरण्यासाठीचे. ते दिसायला देखणे आहे, बैठक १६ इंचांची आहे, त्यावर 'फुल क्वार्टर हॉर्स बार' असे लिहिलेले आहे आणि वजन १९ किलो भरते. दुसरा पर्याय कानपूरहून मागवायच्या नव्या सॅडलचा आहे, ज्याच्याविषयी विक्रेता फोनवर "सगळ्या घोड्यांना बसते" एवढेच सांगतो. माझे स्वतःचे वजन ७२ किलो आहे. यांपैकी काय घ्यावे, पॅड किती जाड असावे, वेस्टर्न पद्धतीचा लांब दांड्यांचा लगाम सोबत घ्यावा का, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हे सारे चामडे टिकते का, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे ही विनंती. बाजारातून तिच्याबरोबर काटेरी लगाम आला होता आणि अजून तोच वापरात आहे, हेही सांगून ठेवतो.

घाटवाट यांचे उत्तर

आपल्या प्रश्नात बैठकीचे माप आहे, सॅडलचे वजन आहे, आपले वजनही आहे. फक्त घोडीच्या पाठीचे माप नाही, आणि सॅडलची निवड मुळात त्यावरच ठरते. वेस्टर्न सॅडलच्या आत लाकडाचा, फायबरग्लासचा किंवा कडक प्लास्टिकचा एक सांगाडा असतो, ज्याला 'ट्री' म्हणतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकणाऱ्या दोन लांब पट्ट्या, म्हणजे 'बार', हे त्या सांगाड्याचे मुख्य अंग होय. वरचे नक्षीकाम, चांदीची फुले, बैठकीचा रंग हे सगळे नंतर बदलता येते किंवा सोडून देता येते, परंतु त्या दोन पट्ट्यांचा कोन, त्यांच्यामधले अंतर आणि त्यांचा बाक बदलता येत नाही. इंग्लिश सॅडलच्या खालच्या गाद्यांमध्ये लोकर कमी-जास्त भरून थोडीफार दुरुस्ती होते. वेस्टर्न सॅडलमध्ये ती सोयही नसते.

'फुल क्वार्टर हॉर्स बार' ही अक्षरे ज्या घोड्याला उद्देशून आहेत तो अमेरिकन क्वार्टर हॉर्स रुंद पाठीचा, गोल बरगड्यांचा आणि खांद्यावर फारसा उंचवटा नसलेला प्राणी आहे. आपल्याकडचा मारवाडी बहुधा अंगाने अरुंद असतो, त्याचा खांद्यावरचा उंचवटा, म्हणजे विदर्स, चांगला उठून दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उतार तीव्र असतो. रुंद सांगाडा अशा पाठीवर ठेवला की तो पुढून खाली बसतो, सॅडलची पुढची कमान विदर्सच्या हाडावर टेकते आणि स्वाराचा सगळा भार पट्ट्यांच्या वरच्या कडांवर येतो. साधारणपणे 'सेमी क्वार्टर हॉर्स' म्हणजे कमानीत सुमारे ६.५ इंच आणि 'फुल' म्हणजे सुमारे ७ इंच असे सांगितले जाते, पण हे माप कोठून कोठपर्यंत घ्यायचे याविषयी कारागिरांमध्ये एकवाक्यता नाही, आणि समान रुंदीच्या दोन सांगाड्यांमध्ये पट्ट्यांचा कोन वेगळा असू शकतो. म्हणून केवळ इंचांचा आकडा पाहून मागणी नोंदवणे धोक्याचे आहे.

पाठीचा आराखडा घरच्या घरी काढता येतो. नकाशे काढणारे वापरतात ती लवचिक पट्टी स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात मिळते. ती न मिळाल्यास जाड ॲल्युमिनियमची तार चालते. घोडीला सपाट जमिनीवर चारही पाय समांतर ठेवून आणि मान सरळ धरून उभे करावे. खांद्याच्या फळीचे हाड जेथे संपते त्याच्या दोन बोटे मागे ती पट्टी आडवी दाबून बसवावी, हळूच उचलून जाड पुठ्ठ्यावर ठेवावी आणि आतल्या कडेने रेघ मारावी. दुसरा आराखडा पाठीच्या सर्वांत खोलगट जागी आणि तिसरा शेवटच्या बरगडीच्या रेषेत घ्यावा. चौथा मात्र लांबीच्या दिशेने, कण्यापासून तीन बोटे बाजूला, खांद्यापासून शेवटच्या बरगडीपर्यंत घ्यावा, कारण पाठीला किती बाक आहे हे त्यावरूनच कळते. शेवटची बरगडी सापडत नसेल तर पोटाच्या बाजूने बोटे दाबत वर जावे. त्या बरगडीच्या मागे सॅडलचा भार जाता कामा नये, कारण तिथून मागे पाठीला खालून बरगड्यांचा आधार नसतो. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांमध्ये आखूड पाठ बऱ्याचदा आढळते; आपल्या घोडीची तशी असेल तर मागे चौकोनी लांब झालर असलेले सॅडल न घेता गोल कापलेल्या झालरीचे घ्यावे, नाहीतर ती झालर कमरेच्या हाडाला घासत राहते.

जुने सॅडल ओळखीतले आहे, तर ते एक दिवसासाठी मागून आणावे आणि पॅड न घालता, तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, न आवळता, नुसते पाठीवर ठेवावे. ठेवताना थोडे पुढे ठेवून मागे सरकवावे, म्हणजे ते आपली जागा स्वतः घेते आणि केसही सरळ राहतात. पट्टीचे पुढचे टोक खांद्याच्या फळीच्या मागेच राहिले पाहिजे. चामड्याची झालर पुढे गेली तरी हरकत नाही. आता पट्टीखाली हाताचा पंजा पुढून मागे सरकवावा. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. मध्यभागी हात मोकळा फिरत असेल आणि दोन्ही टोकांना अडकत असेल, तर सांगाडा पुलासारखा चार टोकांवर उभा आहे असे समजावे. उलट मध्ये टेकून पुढे-मागे डुलत असेल तर त्याला पाठीपेक्षा बाक जास्त आहे. त्यानंतर पॅड घालून, तंग आवळून, स्वार बसल्यावर कमान आणि विदर्स यांच्यामध्ये दोन-तीन बोटांची जागा राहते का ते पाहावे. ही शेवटची पायरी स्वार बसलेला असतानाच तपासायची असते. रिकाम्या सॅडलवर ती जागा नेहमीच भरपूर दिसते.

पॅडविषयी बोलायचे तर दाबलेल्या लोकरीचे, म्हणजे नमद्याचे, पाऊण ते एक इंच जाडीचे पॅड पुरेसे असते. सॅडल घट्ट होत असेल तर त्याखाली आणखी जाड पॅड घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते, पण तिने दाब कमी न होता वाढतो, कारण अरुंद जागेत आणखी एक थर कोंबला जातो. पॅड पाठीवर ठेवल्यावर तंग आवळण्याआधी त्याचा मधला भाग कमानीत वर ओढून घ्यावा, म्हणजे ते विदर्सवर ताणले जात नाही.

तंग कोठे पडतो, हेही लक्षात घ्यावे. रोपिंग सॅडलमध्ये तंगाची कडी अगदी पुढे, हॉर्नच्या, म्हणजे सॅडलच्या पुढच्या उभ्या खुंटाच्या, खाली असते, कारण दोरीला बांधलेल्या वासराचा झटका तिथे झेलायचा असतो. आपल्याला वासरे धरायची नाहीत. तंग नैसर्गिकपणे कोपराच्या मागे चार बोटांवर, छातीच्या सर्वांत अरुंद जागी जाऊन बसतो. कडी त्याहून फार पुढे असेल तर चालता चालता सॅडल खांद्यावर ओढले जाते. घोडी रेवाल, म्हणजे स्वाराला धक्के न बसणाऱ्या मऊ चालीची असेल तर खांदा मोकळा राहणे अधिकच महत्त्वाचे आहे. म्हणून ट्रेल रायडिंगच्या सॅडलमध्ये जी थोडी मागे घेतलेली कडी असते, जिला सेव्हन-एट्थ किंवा थ्री-क्वार्टर रिगिंग म्हणतात, ती मागावी.

पशुवैद्यक_करवीर यांचे उत्तर

वर सांगितलेल्या मापांना माझे अनुमोदन आहे; वजन आणि तोंड या दोन विषयांवर मी भर घालतो.

घोड्याने स्वार आणि साज मिळून स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत भार वाहावा, असा एक व्यवहार्य दंडक आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के भार घालून पाहिला असता, २५ आणि ३० टक्क्यांना हृदयाचे ठोके लक्षणीय वाढलेले आढळले आणि स्नायूंचा दुखरेपणाही वाढला. वजनकाटा नसेल तर टेपने अंदाज काढता येतो : विदर्सच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या (कुल्ल्याच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे, म्हणजे किलोमध्ये वजन मिळते. आपण ही दोन्ही मापे घेऊन येथे लिहावीत. १९ किलोंचे सॅडल हा माझ्या मते याच कारणाने अडचणीचा पर्याय आहे. वजन मोठ्या भागावर पसरते हे खरे, पण पसरले म्हणून ते कमी होत नाही, आणि पन्हाळ्याचा चढ सपाट रिंगणासारखा नसतो.

काटेरी लगाम आजच काढून टाकावा. प्रश्न केवळ दयेचा नाही. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांवरील क्रूरता रोखण्यासाठी केंद्र सरकारने केलेल्या १९६५ च्या नियमांत काटे किंवा टोके असलेल्या लगामाचा वापर घोड्यावर बसण्यासाठी किंवा त्याला हाकण्यासाठी करण्यास स्पष्ट मनाई आहे. आपण घोडी 'तोंडाने कडक' असल्याचे लिहिले आहे, तो कडकपणा बहुधा याच लगामाची देणगी आहे. जखमा होऊन भरल्या की तिथली कातडी जाड होते, संवेदना कमी होते, स्वार अधिक जोराने ओढतो आणि घोडा अधिक ताठ होतो. तोंडाचा कोपरा, जीभ आणि दात नसलेल्या हिरडीचा भाग उजेडात तपासून घ्यावा. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर त्या पशुवैद्यकाकडून घासून घ्याव्यात आणि पुढच्या दाढेला लागून लहानसा 'वुल्फ टूथ' आहे का तेही पाहून घ्यावे. तोंड दुखत असताना कोणताही लगाम चांगला ठरत नाही.

वेस्टर्न पद्धतीच्या लांब दांड्यांच्या बिटविषयी, म्हणजे लगामाच्या तोंडात बसणाऱ्या धातूच्या भागाविषयी, एक गैरसमज दिसतो की ते सॅडलबरोबर आलेच पाहिजे. त्या दांड्या तरफेसारखे काम करतात. हातातला थोडा ओढा तोंडात, हनुवटीखालच्या साखळीवर आणि कानामागे कित्येक पटींनी वाढून पोहोचतो. एका हाताने, सैल लगामाने, मानेला लगामाचा नुसता स्पर्श करून वळणाऱ्या घोड्यासाठी ते बनवलेले आहे, आणि त्या टप्प्यावर तेथील घोडासुद्धा आधी साध्या बिटवर शिकूनच येतो. आपल्या घोडीसाठी मध्ये सांधा असलेले, गुळगुळीत, बऱ्यापैकी जाड, गोल किंवा 'डी' आकाराच्या कड्यांचे साधे स्नॅफल बिट घ्यावे आणि दोन्ही हातांनी लगाम धरावा. रुंदी तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांबाहेर थोडीशी जागा राहील इतकी असावी. या अंगलोटीच्या घोडीला बहुतेक पावणेपाच किंवा पाच इंचांचे बसते, पण दोरी तोंडात धरून माप घेतल्याशिवाय मागवू नये. वेस्टर्न सॅडलवर स्नॅफल लावले म्हणून कोणाचेही काही बिघडत नाही.

जुने पॅड किंवा तंग दुसऱ्याच्या घोड्यावरून घेतले असेल तर ते जंतुनाशकाने धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय वापरू नये; त्वचेची बुरशी याच वाटेने पागेत शिरते.

जुनी_पागा यांचे उत्तर

माझे मत थोडे वेगळे आहे. दोन-तीन तासांच्या डोंगरफेरीसाठी वेस्टर्न सॅडलच हवे हा आग्रह का धरावा, हे मला समजलेले नाही. ते खोल बैठकीचे सॅडल गुरांमागे दिवसभर फिरणाऱ्या माणसाचे कामाचे साधन आहे आणि त्याचा हॉर्न दोरी अडकवण्यासाठी आहे. चढावर पुढे झुकले की तोच हॉर्न पोटात लागतो, आणि पडताना काय होईल त्याची कल्पनाही करवत नाही. घोडदळात आणि पोलिसांत वापरले जाणारे लष्करी धाटणीचे सॅडल आपल्या देशातल्या घोड्यांवर वर्षानुवर्षे चाललेले आहे, त्यात सामान बांधायच्या कड्या असतात, आणि ते दुरुस्त करणारा माणूस आपल्या भागात शोधला तर सापडतो. वेस्टर्न धाटणीच आवडत असेल तर निदान हॉर्न नसलेले, लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी बनवतात तसे हलके एन्ड्युरन्स सॅडल पाहावे. त्याची बैठक आणि रुंद पट्टे वेस्टर्नसारखेच असतात. एवढेच सुचवावेसे वाटले.

चामड्यातला_माणूस यांचे उत्तर

आमचा पिढीजात धंदा चपलांचा असला तरी घोड्याचा साज दुरुस्तीसाठी अधूनमधून येतो, त्यावरून लिहितो.

प्रथम कानपूरविषयी. कानपूरच्या सॅडलकामाला भौगोलिक मानांकन आहे, तिथे लष्करासाठी साज बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे आणि तिथून परदेशात माल जातो. त्यामुळे कानपूरचा माल म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु त्याच शहरात वरातीच्या घोड्यासाठी शोभेची सॅडलेही बनतात आणि छायाचित्रात दोन्ही सारखीच दिसतात. "सगळ्या घोड्यांना बसते" असे म्हणणाऱ्या विक्रेत्याला सांगाडा कशाचा आहे, त्यावर कच्च्या कातड्याचे किंवा फायबरग्लासचे आवरण आहे का, आणि चामडे न चढवलेल्या सांगाड्याचे छायाचित्र मिळेल का, असे तीन प्रश्न विचारावेत. ज्याला उत्तरे देता येत नाहीत त्याच्याकडून दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) किंवा म्होरकी घ्यावी, सॅडल घेऊ नये.

सॅडल हातात आल्यावर आधी ते उभे धरून हॉर्न आपल्या मांडीला टेकवावा आणि बैठकीचा मागचा उंच काठ, म्हणजे कॅन्टल, दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढावा. चांगला सांगाडा किंचितही दुमडत नाही. मध्ये हलला, करकरला किंवा बैठकीच्या चामड्यावर सुरकुती उठली तर तो तुटलेला आहे आणि जुन्या सॅडलमध्ये तो कितीही स्वस्त मिळाला तरी महागच. त्यानंतर चामड्याची कापलेली कड पाहावी. अस्सल जाड चामड्याचे तंतू आरपार दिसतात. दोन पातळ थरांमध्ये पुठ्ठा किंवा रेक्झिन भरलेले असेल तर ते तिथेच उघडे पडते. रिकिबीचे रुंद पट्टे आणि झालर यांना पाच-सहा मिलिमीटर जाडीचे, जनावराच्या पाठीच्या भागाचे चामडे लागते. पोटाकडचे चामडे ताणते आणि एका बाजूची रिकीब महिन्या-दोन महिन्यांत लांब होते. शिवण हाताची असेल तर उत्तम, कारण दोन सुयांच्या शिवणीत एक टाका तुटला तरी पुढचे टाके धरून राहतात. कड्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळेच्या घ्याव्यात. लोखंडावर चकाकी दिलेल्या कड्या आपल्या पावसात आतून गंजतात आणि पट्ट्याचे भोक पोखरतात.

काही जण मला विचारतात की तंग बांधायचा लांब पट्टा, ज्याला लॅटिगो म्हणतात, तो कोल्हापुरातच चपलेच्या चामड्याचा करून मिळेल का. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते. ते कडक, दमदार आणि आकार धरून ठेवणारे असते, पण लॅटिगो रोज गाठ मारून, वळवून, ओढून वापरायचा असतो, त्यासाठी तेल मुरवलेले मऊ आणि लवचिक चामडे हवे. चपलेच्या तळाचे चामडे तिथे वापरले तर वाकवण्याच्या जागी ते तडकते, आणि तडकलेला लॅटिगो चढावर तुटला तर स्वार सॅडलसकट पोटाखाली जातो. म्होरकी, छातीपट्ट्याच्या जोडपट्ट्या, पाण्याच्या बाटलीची पिशवी हे सगळे येथे उत्तम होईल. ज्यावर स्वाराचा जीव टांगलेला आहे ते पट्टे मात्र त्या कामाच्या चामड्याचेच घ्यावेत.

पावसाळ्याविषयी : जून ते सप्टेंबर या काळात चामड्यावर बुरशी येणारच. फेरीहून आल्यावर घाम आणि चिखल ओल्या फडक्याने पुसावा, ग्लिसरीनचा साबण अगदी थोड्या पाण्यात लावून पुन्हा पुसावे आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी वाळवावे. चुलीजवळ किंवा भर उन्हात वाळवलेले चामडे लाकडासारखे होते. तेल थोडे आणि बेताने लावावे, कारण तेलात भिजवलेले चामडे मऊ होऊन ताणते आणि शिवणही सैल पडते. सॅडल प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बांधून ठेवू नये. स्टँडवर ठेवून वरून जुनी सुती चादर टाकावी, आणि खताची पोती असलेल्या खोलीत तर मुळीच ठेवू नये. दर पावसात बाहेर पडायचेच असेल तर कॉर्डुरा या जाड नायलॉन कापडाचे सॅडल व्यवहाराला सोपे आहे, आणि चामड्याचा धंदा असूनही मी हे सांगतो आहे.

जाता जाता पायातल्या गोष्टीविषयी. रिकिबीत पाय घालताना टाचेचा बूट हवा, निदान इंचभर टाच असलेला. सपाट तळ रिकिबीतून पुढे सरकतो आणि पाय अडकतो. चपला घालून घोड्यावर बसलेले लोक रंकाळ्यावर दिसतात. चपला आमच्याच असतात, तरी मला ते पाहवत नाही.

पायथ्याचा_स्वार यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मापे घेतली. छातीचा घेर १६८ सेंटिमीटर आणि लांबी १४८ सेंटिमीटर भरली, म्हणजे सूत्राप्रमाणे घोडीचे वजन सुमारे ३५२ किलो येते. रोपिंग सॅडल आणून पाठीवर ठेवून पाहिले. पट्टीखाली मध्यभागी हात सहज जातो आणि पुढच्या टोकाला बोटसुद्धा शिरत नाही. मी बसल्यावर कमानीखाली जेमतेम एक बोट राहिले. मागची झालर शेवटच्या बरगडीच्या पुष्कळ मागे जाते. खांद्याजवळ दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढरे केस आहेत, ते तिचे मूळचे असावेत असे मला वाटत होते. पुठ्ठ्यावरचे चारही आराखडे कापून ठेवले आहेत. काटेरी लगाम काढला असून सध्या म्होरकीवरच अंगणात फिरवतो आहे.

घाटवाट यांचे उत्तर

मग रोपिंग सॅडलचा प्रश्न मिटला. ते मालकांना परत करावे. पांढरे केस मूळचे असते तर दोन्ही बाजूंना नेमके सॅडलच्या टोकाच्या जागी आले नसते. आधीच्या मालकाकडे दाब पडून केसांची मुळे दुखावल्याची ती खूण आहे. त्यामुळे नव्या सॅडलच्या पट्टीचे टोक त्या जागी खुपणार नाही, म्हणजे ते बाहेरच्या बाजूला किंचित वळलेले असेल, हे मागणीतच लिहावे.

आता आकडे. ३५२ किलोंच्या २० टक्के म्हणजे ७० किलो, आणि आपले वजनच ७२ आहे. १९ किलोंच्या सॅडलसह भार ९१ किलो, म्हणजे जवळपास २६ टक्के होतो. नऊ-दहा किलोंच्या सॅडलसह तो २३ टक्क्यांच्या आसपास येतो. तोही दंडकापेक्षा अधिकच आहे, म्हणून खड्या चढावर उतरून घोडीला हाताने न्यावे, सामानाच्या पिशव्या टाळाव्यात आणि फेरी दोन तासांपेक्षा वाढवण्याआधी डॉक्टरांनी पाठ तपासून द्यावी. जुनी_पागा यांची सूचना याच कारणाने मला पटते. हॉर्न नसलेले, अरुंद सांगाड्याचे, गोल आखूड झालरीचे, कॉर्डुराचे किंवा पातळ चामड्याचे एन्ड्युरन्स धाटणीचे वेस्टर्न सॅडल, तंगाची कडी मागे घेतलेली, बैठक १५ ते १६ इंच, असे स्पष्ट लिहून आणि चारही पुठ्ठ्यांची छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून पाठवावीत. जो विक्रेता ते पुठ्ठे स्वतःच्या सांगाड्याखाली धरून पाहायला तयार होईल त्याच्याकडूनच घ्यावे. परत करण्याची मुदत लेखी मागावी, आणि पहिल्या चाचणीत पॅडखाली स्वच्छ सुती कापड घालावे, म्हणजे डाग न पडता ते परत करता येईल.

पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर पॅड उचलून घामाचा ठसा पाहावा. दोन्ही बाजूंना सारखा ओला पट्टा आणि कण्यावर कोरडी रेघ असेल तर ठीक. ओल्या भागात मध्येच कोरडा ठिपका असेल तर तिथे हाताने दाबून पाहावे, कारण तो बहुधा अति दाबामुळे घामाच्या ग्रंथी बंद पडल्याचा असतो. घोडीने पाठ खाली घातली तर दुसऱ्या दिवशी सॅडल चढवू नये.

चढासाठी छातीपट्टा आणि उतारासाठी दुमची हवीच. अरुंद अंगाच्या घोडीवर सॅडल चढताना मागे आणि उतरताना पुढे सरकते, आणि ते थांबवण्यासाठी तंग अधिकाधिक आवळत जाणे हा चुकीचा मार्ग आहे. तंग मोहेरच्या, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीच्या, दोऱ्यांचा घ्यावा. तो घाम शोषतो आणि निओप्रीन या कृत्रिम रबरासारखा कातडीवर चिकटत नाही. लांबी मागवताना दोन्ही बाजूंच्या कड्यांमधले अंतर पॅडसकट, पोटाखालून मोजून कळवावे.

चामड्यातला_माणूस यांचे उत्तर

सॅडलला मागचाही तंग असेल आणि तो वापरायचा ठरला, तर पुढच्या आणि मागच्या तंगाला पोटाखाली जोडणारी पट्टी लावल्याशिवाय तो बांधू नये. ती नसली की मागचा तंग सरकत जांघेकडे जातो आणि शांत घोडीसुद्धा उधळते. ती पट्टी दोन्ही टोकांना कडी असलेली साधी वस्तू आहे. माप घेऊन आलात तर कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये एका दुपारी करून मिळेल. दुमचीचा शेपटीखालचा भाग मात्र मऊ चामड्याने मढवून घ्यावा आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगावे.

पशुवैद्यक_करवीर यांचे उत्तर

नवे सॅडल येईपर्यंत जुन्या खोगिरावर डोंगराची फेरी करू नये. त्यात सांगाडा नसल्याने सारा भार थेट कण्यावर येतो, आणि घोडी पाठीला हात लावू देत नाही हे आपणच लिहिले आहे. हाताने चालवणे, गोलात फिरवणे आणि म्होरकीवर वळायला शिकवणे एवढे काम सध्या पुरे. तोंड बरे झाले की स्नॅफल प्रथम लगामाच्या दोऱ्या न लावता, नुसते चघळायला म्हणून रोज थोडा वेळ तोंडात ठेवावे.